पाठीकडून पाहिलेली माणसे

मित्रांनो, माझ्याकडे येणारी माणसे ठेवणीतले कपडे घालून येत. आरशासमोर केस सारखे करत, गळ्याशी बटण लावत, पुन्हा काढत, आणि मग माझ्याजवळ येऊन माझ्याकडेच पाठ करून उभी राहत. मला याचे कधी वाईट वाटले नाही, कारण माझे कामच ते. मी एका छोट्या फोटो स्टुडिओतला रंगवलेला पडदा आहे. आता बराच जुना झालो आहे.

जाड मांजरपाटाचे पट्टे जोडून मला शिवले. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या एका पेंटरने मला अंगणात अंथरले, सरस आणि खडूची भुकटी शिजवून माझ्या अंगाला चोपडली आणि कडक उन्हात वाळवले. मग त्याने माझ्यावर एक तळे काढले. तळ्याच्या अलीकडे दगडी कठडा, पलीकडे निळे डोंगर, आणि उजव्या हाताला वर जाणाऱ्या पायऱ्या. पायऱ्या कुठे जातात ते मात्र त्याने काढले नाही. "वर काय आहे?" असे मालकांनी विचारले तेव्हा तो ब्रश धूत म्हणाला, "वर जाऊन बघायचं राहिलं."

मालक म्हणजे आमचे फोटोग्राफर. तेव्हा ते तरुण होते, आणि अंगाने इतके किडकिडीत, की कॅमेऱ्याच्या तिवईचा चौथा पाय म्हणून सहज खपले असते. दुकानावरची पाटीही त्यांनी त्याच पेंटरकडून रंगवून घेतली. लाल अक्षरात नाव आणि नावाशेजारी किरण सोडणारा कॅमेरा. लांबून तो कॅमेऱ्यापेक्षा पाण्याच्या पंपासारखा दिसे. एकदा एक गृहस्थ खरोखरच बिघडलेला पंप खांद्यावर घेऊन दुरुस्तीला आले. मालकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि पंपासकट त्यांचा फोटो काढला.

माझ्या उमेदीच्या काळात स्टुडिओत पाय ठेवायला जागा नसे. लहान मुले माझ्या पायऱ्या चढायला धावत आणि कपाळ आपटून रडत. मोठी माणसे कठड्यावर हात ठेवायला जात आणि हवेतच चाचपडत राहत. मला दिसत त्या फक्त पाठी. पण पाठीसुद्धा खूप सांगतात बरे का! उसना आणलेला कोट अंगाला बसावा म्हणून पाठीवर टाचण्यांची रांग लावलेली असे. नवीन लग्न झालेली जोडपी समोरून हातभर अंतर ठेवून उभी असत, आणि मागे, फक्त मला दिसेल अशी, त्यांची करंगळी करंगळीत अडकलेली असे. एक भारदस्त गृहस्थ छाती काढून उभे होते आणि त्यांच्या विजारीच्या आत गुडघे लटलट कापत होते.

सगळी तयारी झाली, की मालक डावा हात उंच करत. अंगठा आणि दोन बोटे जुळवून अशी चिमूट धरत, जणू तिच्यात काही फार नाजूक वस्तू आहे. "इकडे बघा," ते हळू आवाजात म्हणत, "माझ्या चिमटीत काय आहे?"

त्या क्षणी माझ्यासमोरची पाठ बदलून जाई. आवळलेले खांदे सैल पडत, मान किंचित पुढे जाई, कापणारे गुडघे थांबत. खटका पडे आणि फोटो निघे. चिमटीत काही नसे. मी समोरच होतो, मला स्पष्ट दिसे.

पण त्या माणसांचे चेहरे त्या वेळी कसे होत, हे मला कधीच कळले नाही. फोटो आतल्या अंधाऱ्या खोलीत धुतले जात, पाकिटात भरले जात आणि आपापल्या घरी निघून जात. माझ्यासमोर एकच चेहरा सतत असे. तो मालकांचा.

पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. डोंगर बघायचे तर माणसे खऱ्या डोंगरावर जाऊन स्वतःच स्वतःचे फोटो काढू लागली. आमच्याकडे उरले ते ओळखपत्राच्या फोटोंचे गिऱ्हाईक, आणि त्यांना लागतो पांढरा शुभ्र पडदा. मला बांबूला गुंडाळून, दोरीने आवळून छताशी टांगून ठेवले. माझ्या पोटात तळे, डोंगर, पायऱ्या सगळे घडी पडून अंधारात बसले. आधी झुरळे आली, मग कोळी आले. मी आवाज ऐकत दिवस काढले. मालकीणबाईंचा आवाज एके दिवशी ऐकू येईनासा झाला. मग बराच काळ मालकांच्या चपलांचाच तेवढा आवाज येत राहिला.

आणि मग एक ओळखीचा आवाज परत आला. मालकांची लेक. हिचा पहिला फोटो माझ्यासमोरच निघाला होता. ती दुसऱ्या शहरात एका कंपनीत फोटो काढायची नोकरी करत होती. ती सोडून ती बिऱ्हाड घेऊन आली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, आपण स्टुडिओ पुन्हा उभा करू. पाटी बदलू, लोगो नवा करू, वेबसाइट धड करू."

"वेबसाइट आहे की," मालक म्हणाले.

"आहे. पण उघडली की नुसतं चक्र फिरत बसतं. आणि शेवटी उघडलीच, तर फोन नंबर जुना!"

या कामासाठी तिने तिच्या मैत्रिणीला बोलावले. ही मैत्रीण दुकानांची चिन्हे आणि वेबसाइटा करून देते. तिचा चष्मा एवढा मोठा, की मालकांनी पहिल्याच दिवशी तिचे नाव चष्मेवाली ठेवून टाकले. ती आली आणि म्हणाली, "काका, मला सगळं दाखवा. फेकायला काढलंय तेसुद्धा."

म्हणून माझी दोरी सुटली.

मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. मी धाडकन खाली आलो, धुळीचा ढग उठला आणि चष्मेवालीला एकामागून एक शिंका आल्या. धूळ बसल्यावर तिने चष्मा पुसला, वर पाहिले आणि जमिनीवर फतकल मारून बसली. "अगं," ती लेकीला म्हणाली, "हे केवढं आहे! आणि तुम्ही हे गुंडाळून ठेवलं होतं?" मग तिने माझ्या पायऱ्यांकडे बोट करून विचारले, "काका, या कुठे जातात?"

"बघायचं राहिलं," मालक म्हणाले.

मी इतक्या वर्षांनी मालकांना पाहिले. केस पांढरे झाले होते, अंग थोडे भरले होते. पण मला दुसरेच काहीतरी खटकले. हा चेहरा मी इतका पाहिला होता, की त्याची प्रत्येक सवय मला पाठ होती. मालक समोरच्याकडे नेहमी थेट बघत. आता ते मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते, कावळा भाकरीच्या तुकड्याकडे बघतो तसे. खुर्ची ओढण्याआधी तिच्या पाठीवर हात फिरवत होते. लेकीला आणि चष्मेवालीला यात वावगे वाटले नाही. म्हातारपण म्हणून त्यांनी सोडून दिले. मी कसा सोडणार?

चष्मेवाली कामाला लागली. पहिल्या खेपेला तिने कागदावर छापून लोगो आणले. एकात भिंग होते, एकात डोळा होता, एकात नावाचे पहिले अक्षरच कॅमेऱ्यासारखे वळवले होते. मालकांनी कागद हातात घेतले, जरा लांब धरले, जरा जवळ धरले आणि टेबलावर ठेवले.

"दम नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या खेपेलाही हेच, तिसऱ्या खेपेलाही हेच. चष्मेवाली हसून "पुन्हा करते काका" म्हणायची आणि कागद गोळा करायची. पण लेकीचा चेहरा दर वेळी जरा जास्त उतरायचा. शेवटी एके दिवशी तिचा बांध फुटला.

"बाबा, नक्की काय खटकतंय ते तरी सांगा. रेघ जाड आहे? आकार चुकलाय?"

"सांगायचं काय त्यात? बघितलं की कळतं."

"मग बघा ना नीट!"

"बघितलं."

"नाही बघत तुम्ही! कागद हातात घेता आणि खाली ठेवता. मी सगळं सोडून इथे आले बाबा. तुम्हाला मी केलेलं काही नकोच असेल तर तसं सांगा."

मालकांचा हात टेबलाच्या कडेवरून सरकत सरकत गेला आणि थांबला. "मग टाक कुलूप," ते म्हणाले. "आतापर्यंत चाललं तेवढं पुष्कळ झालं."

लेक बाहेर निघून गेली. मालक किती तरी वेळ कागदांच्या ढिगासमोर बसून होते. त्यांनी एक कागद उचलला आणि तो चेहऱ्याच्या डावीकडे नेला, उजवीकडे नेला, अगदी कानाजवळ नेला. मला ओरडावेसे वाटले. पण माझ्यापाशी रंगवलेले तळे आहे, रंगवलेले डोंगर आहेत, तोंड मात्र नाही.

कुलूप लागले नाही, कारण चष्मेवालीने हार मानली नाही. तिला वाटले, कागदावर काकांना कल्पना येत नसेल. तिने कुठून तरी प्रोजेक्टर मिळवला. "भिंतभर मोठं करून दाखवते," ती म्हणाली. भर दुपारी खिडक्यांना काळे कापड लावून खोली अंधारी केली. प्रोजेक्टर माझ्या पायाशी एका स्टुलावर ठेवला, आणि माझ्या समोरच्या पांढऱ्या भिंतीवर उजेड पडला.

उजेड पडला, पण चित्र आले नाही. कुठेतरी वायर सैल होती. भिंतीवर नुसता कोरा निळा चौकोन. चष्मेवाली टेबलाखाली वाकून वायर शोधू लागली. तिने सकाळीच सांगितले होते, की या खेपेला निळा रंग घेतला आहे.

"हं," मालक म्हणाले. "हे आधीच्यापेक्षा बरं आहे."

चष्मेवालीने टेबलाखालून डोके वर काढले.

"निळा शोभतोय," मालक पुढे म्हणाले. "नावाची अक्षरं तेवढी जाड करा. लांबून वाचता आली पाहिजेत."

लेक हसली. "काय बाबा, चेष्टा सुचतेय तुम्हाला." पण मालक हसत नव्हते. ते मान तिरकी करून त्या कोऱ्या भिंतीकडे बघत होते आणि लक्षपूर्वक बघत असल्यासारखी मान डोलवत होते. लेकीचे हसू विरले. ती उठली आणि भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. निळा उजेड तिच्या अंगभर पसरला.

"बाबा, भिंतीवर काय आहे?"

"लोगो आहे की."

"काही नाहीये बाबा. कोरी आहे भिंत."

चष्मेवालीने चष्मा काढला आणि स्वच्छ असलेल्या काचा पदराने पुसत बसली. मालक हाताने चाचपत मागे आले आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. ज्या स्टुलावर गिऱ्हाइके बसत, त्याच्यावर.

"मधोमध एक डाग आहे," ते म्हणाले. "जिकडे बघावं तिथेच येऊन बसतो. कडेकडेचं दिसतं. तुझा चेहरा बघायचा तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागतं."

"कधीपासून?"

"तू यायच्या आधीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"फोटोग्राफर आहे मी, बाळ. लोकांना कोणत्या तोंडाने सांगू की मला दिसत नाही?"

लेक त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोके टेकले. रडक्या आवाजात ती म्हणाली, "आणि मी म्हणत होते, तुम्हाला माझं काही पटतच नाही."

"दिसल्याशिवाय पटणार कसं?" मालक म्हणाले. मग दोघेही एकदम हसू लागले, आणि रडूही लागले. चष्मेवालीने निळा चौकोन बंद केला आणि तिघांसाठी चहा आणायला गेली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की जे गेले ते परत येणार नाही. पण उरले आहे ते राखता येईल. त्यासाठी सुया घ्याव्या लागतील आणि नेमाने यावे लागेल. "आधी आला असता तर आणखी वाचलं असतं," असेही ते म्हणाले. लेकीने हे आम्हाला, म्हणजे चष्मेवालीला, सांगितले तेव्हा लेक भिंतीकडे तोंड करून उभी होती.

यापुढे कामाची रीतच बदलली. चष्मेवाली म्हणाली, "लोगो राहू दे बाजूला. काका, तुमच्या जुन्या निगेटिव्ह कुठे आहेत?" माळ्यावरून पत्र्याच्या पेट्या खाली आल्या. तिने त्या निगेटिव्ह यंत्रावर एकेक करून उतरवून घेतल्या. मग पुन्हा खोली अंधारी झाली, पुन्हा माझ्या पायाशी प्रोजेक्टर आला. या खेपेला वायर नीट होती.

मित्रांनो, समोरच्या भिंतीवर मी उमटलो! तेच तळे, तेच डोंगर, तोच दगडी कठडा. आणि माझ्यापुढे माणसे उभी होती, माझ्याकडे नव्हे, जगाकडे तोंड करून. मी थक्क झालो. टाचण्यांच्या रांगेचा तो कोट आला. त्या कोटातला माणूस एखाद्या राजासारखा दिसत होता. करंगळ्या अडकवलेले ते जोडपे आले. मागून पाहिलेली ती चोरटी करंगळी त्या दोघांच्या डोळ्यांत लख्ख उजेडासारखी उतरली होती. गुडघे कापणारे ते गृहस्थ आले, आणि त्यांचा चेहरा लहान मुलाचा होता, मिशा लावलेल्या लहान मुलाचा. एकामागून एक चेहरे येत राहिले. ज्यांचे खांदे, मान, टाचा मी ओळखत होतो, त्यांना डोळे होते, ओठ होते, हनुवटीवर खळ्या होत्या. इतकी सुंदर माणसे माझ्या अंगाला अंग लावून उभी राहिली होती, आणि मला त्याची कल्पनाही नव्हती.

लेक वडिलांना प्रत्येक फोटो सांगत होती. "बाबा, एक उंच माणूस, कोट घातलेला."

"तो कोट शेजारच्याचा. पाठीमागे मी टाचण्या लावल्या होत्या. एक त्याला टोचली, पण हूं की चूं केलं नाही बिचाऱ्याने."

"एक बाळ आहे. फुलाफुलांच्या चादरीवर बसलंय."

मालक थोडे पुढे झुकले. "चादरीवर नाही, चादरीखाली त्याची आई आहे. बाळाला बसता येत नव्हतं. मग ती खाली वाकून बसली, तिच्यावर चादर टाकली, आणि तिने आतून हातांनी त्याला धरून ठेवलं. लांब वेणी होती, सारखी बाहेर यायची. पहिला फोटो बिघडला. ते रडलं आणि ही चादर सारून बघायला लागली. मग दुसरा काढला. हात भरून आले होते तिचे, पण हलली नाही."

चष्मेवालीने हळूच फोन काढून मालकांचा आवाज त्यात भरायला सुरुवात केली होती. पण तिचे लक्ष भिंतीवरच होते. अचानक ती म्हणाली, "थांबा जरा. काका, हे सगळे बघतायत कुठे?"

"म्हणजे?"

"सगळ्यांची नजर एकाच जागी आहे. कॅमेऱ्याच्या थोडी वर. आणि सगळ्यांचा चेहरा सारखाच झालाय, काहीतरी अजब बघितल्यासारखा. म्हाताऱ्यांचासुद्धा. काय होतं तिथे?"

मालक चक्क लाजले. "काही नाही हो. जुनी सवय." आणि त्यांनी डावा हात उंच केला, बोटे जुळवली. "माझ्या चिमटीत काय आहे?"

लेक आणि चष्मेवाली, दोघीही माना पुढे काढून त्या चिमटीकडे बघत राहिल्या. "काय आहे?" चष्मेवालीने विचारले.

"घ्या!" मालक मोठ्याने हसले. "तुम्हीसुद्धा फसलात!"

चष्मेवालीने तिथेच, अंधारात, हाताला लागेल त्या कागदावर ती चिमूट काढली. पहिले चित्र पाहून लेक म्हणाली, "भाजीत मीठ टाकल्यासारखं दिसतंय गं." ते खरेच तसे दिसत होते. पण या खेपेला चष्मेवाली कागद घेऊन आली नाही. तिने तो आकार जाड पुठ्ठ्यातून कापला आणि मालकांच्या हातात ठेवला.

मालकांनी डोळे मिटून घेतले. अंगठ्याच्या कडेवरून बोट फिरवले, दोन बोटांच्या टोकांपाशी आले, मधल्या रिकाम्या जागेत थांबले. मी त्यांना आयुष्यभर बघत आलो. कॅमेऱ्यामागे ते जसे एकाग्र होत, अगदी तसे ते त्या पुठ्ठ्यावर झाले होते.

"अंगठा आखडलाय," ते म्हणाले. "माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं. सैल करा. दाखवतोय असं वाटायला पाहिजे."

तिने पुन्हा कापला. मालकांनी पुन्हा हात फिरवला. "मधली फट थोडी वाढवा. बघणाऱ्याला त्यात काहीतरी घालता आलं पाहिजे." तिने पुन्हा केला, आणि शेवटचा तर लाकडातून घासून आणला. त्यावर मालकांची बोटे बराच वेळ फिरली आणि स्थिरावली.

"दम आहे?" लेकीने विचारले.

"आहे," मालक म्हणाले.

नवी पाटी लागली. पंपाची पाटी लेकीने पुसून आत माझ्या शेजारी टांगली, तेव्हा आता आम्हा दोघांच्या गप्पा चालतात. वेबसाइट मात्र मी भिंतीवर पाहिली आणि चकित झालो. अक्षरे मोठी आणि ठसठशीत. मालकांसारख्यांनाही वापरता यावी म्हणून ती बोलून दाखवते. जुन्या फोटोंचे एक दालन आहे. प्रत्येक फोटोवर बोट ठेवले, की मालकांचा आवाज त्याची गोष्ट सांगतो.

फक्त 'आमच्याविषयी' हे पान कोरे राहिले. तिथे मालकांचा फोटो हवा होता, आणि साऱ्या पेट्या धुंडाळूनही त्यांचा एकही फोटो निघाला नाही. इतकी वर्षे ते कॅमेऱ्याच्या मागेच होते.

"बाबा, उभे राहा पडद्यासमोर," लेक म्हणाली.

मालक कुरकुरले, पण आले, आणि मला त्यांची पाठ दिसली. जन्मात पहिल्यांदा! सदऱ्याची कॉलर उलटून शिवलेली होती. मानेवरचे केस एका बाजूला राहून गेले होते. खांदे इतके आवळलेले, की मला ते ओळखूच येईनात. दुसऱ्यांना इतकी वर्षे धीर देणारा माणूस स्वतः घाबरला होता.

"कुठे बघू?" त्यांनी विचारले.

लेक खटक्याची वायर हातात धरून कॅमेऱ्यामागून बाजूला आली. "बाबा, माझ्या कानाकडे बघा."

मालकांनी मान थोडी वळवली. खांदे खाली आले. खटका पडला. तो फोटो त्या पानावर आहे. त्यात मालक थोडे बाजूला बघत आहेत असे लोकांना वाटते. ते लेकीचा चेहरा बघत आहेत.

यानंतर काही आठवड्यांनी एक वयस्कर गृहस्थ स्टुडिओत आले. लांबचा प्रवास करून आले होते. त्यांनी पिशवीतून एक चौकट काढली. फुलाफुलांच्या चादरीवरचे बाळ.

"हा मी," ते म्हणाले. "हा फोटो जन्मभर माझ्या घरात आहे. मला वाटायचं, चादरीखाली खुर्ची आहे. परवा तुमच्या वेबसाइटवर तुमचं बोलणं ऐकलं." त्यांनी चौकटीच्या काचेवरून बोट फिरवले. "मी तीन वर्षांचा असताना आई गेली. तिचा एकही फोटो नाही. ती कशी दिसायची ते मला माहीत नाही. म्हणजे या फोटोत आई आहे?"

मालक उठून उभे राहिले. "पहिला फोटो बिघडला होता," ते म्हणाले. "चादर सारून तिने बाहेर बघितलं होतं. बिघडलेल्या निगेटिव्ह मी कधी टाकल्या नाहीत."

चष्मेवालीला निरोप गेला. लेकीने पेट्या उघडल्या. बाळाच्या चांगल्या निगेटिव्हच्या पाकिटातच, तिच्या पाठीमागे चिकटलेली दुसरी सापडली. चांगली तेवढी यंत्रावर घेतली होती, ही तशीच राहून गेली होती. ती आता चष्मेवालीने भिंतीवर आणली. बाळ रडून हललेले, पुसटलेले. आणि चादरीच्या कडेतून बाहेर आलेला एका तरुण बाईचा चेहरा. अर्धाच, थोडा धूसर.

ते गृहस्थ भिंतीजवळ गेले, तर त्यांचीच सावली त्या चेहऱ्यावर पडली. ते घाईने बाजूला झाले आणि खाली जमिनीवर बसले. ती बाई बाळाकडे बघत होती. मी तेव्हा तिच्या मागेच होतो. तिचे वाकलेले अंग, भरून आलेले हात मी पाहिले होते. पण हा चेहरा मी आज पाहत होतो, तिच्या मुलाबरोबर, त्याच क्षणी. माझ्या मांजरपाटाच्या अंगावर काटा येऊ शकला असता, तर तो तेव्हा आला असता.

"कशी दिसतेय?" मालकांनी हळूच विचारले. "मला मधलं दिसत नाही हो. तुम्ही सांगा."

ते गृहस्थ भिंतीवरची नजर न हलवता सांगू लागले. "हसतेय. बाळ रडतंय आणि ही हसतेय. दात थोडे पुढे आहेत." त्यांनी स्वतःच्या ओठांना हात लावला. "माझ्यासारखे."

"वेणी?"

"आहे. बाहेर आलीय."

"हां," मालक म्हणाले. "तीच."

मित्रांनो, आज माझे रंग उडाले आहेत, एका कोपऱ्याला उंदराने कुरतडले आहे. लेकीने मला ठिगळ लावले, हलक्या ब्रशने झाडून घेतले आणि आता गुंडाळत नाही. माझ्यासाठी मी काही मागत नाही. पण तुमच्या घरी भिंतीवर फोटो असतील, तर त्यांच्यासमोर घरातल्या मोठ्या माणसाला बसवा आणि विचारा, की हे कोण, आणि हा फोटो काढताना यात न दिसणारे कोण कोण तिथे होते. माहीत असणारे माणूस आहे तोवर विचारा. आणि बोलता बोलता त्या माणसाकडेही नीट लक्ष द्या. ते मान तिरकी करून बघत असेल, खुर्ची चाचपून बसत असेल, तर त्याचाही हात धरा आणि विचारा, तुम्हाला काय होतंय. ते म्हणेल, "काही नाही रे, मला काय धाड भरलीय?"

तेव्हा लगेच उठू नका. अजून थोडा वेळ बसा.